दातांच्या तारा आणि घरभर संशय

सेहेचाळीसाव्या वर्षी दातांना तारा लावून घेणाऱ्या बाईकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती नजर मी त्याआधी एकदाच पाहिली होती. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात एका कर्मचाऱ्याने ओळखीतल्या माणसाला मीटर उलटा फिरवून दिला होता, तेव्हा चौकशीला आलेले अधिकारी त्याच्याकडे असंच बघत होते. आवाज चढवला नाही, चहासुद्धा विचारला, फक्त नजर हटवली नाही.

कारण अगदी साधं होतं. माझ्या खालच्या दातांनी गेली काही वर्षं एकमेकांच्या जागेवर अतिक्रमण चालवलं होतं. दोन पुढे, एक मागे, आणि एक तर रांगेत मध्येच घुसलेल्या माणसासारखा खांदा तिरका करून उभा. घास अडकायचा, हिरड्या दुखायच्या. दातांच्या डॉक्टरने आरसा धरून दाखवलं आणि म्हणाला, "आत्ता तारा लावल्यात तर दात राहतील. नाहीतर पाच वर्षांत मधले दोन जातील." मी म्हटलं, लावा. यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. पण कारण जितकं साधं, तितका त्याच्यावर विश्वास कमी बसतो, हा माझा तक्रार खिडकीवरचा वीस वर्षांचा अनुभव आहे. "पाणी आलं नाही" म्हणणाऱ्याला आम्ही आधी नळ सोडून बघायला सांगतो. "पाण्यातून बेडूक आला" म्हणणाऱ्याकडे ताबडतोब माणूस पाठवतो.

माझा नवरा विमा कंपनीत दावे तपासतो. समोरच्याचा हात खरंच मोडलाय की नुसताच गळ्यात बांधलाय, हे ठरवण्याचा त्याला पगार मिळतो. हे काम तो घरी आणत नाही असं तो म्हणतो.

"दात बावीस वर्षं मी असेच बघतोय," तो म्हणाला. "मग आत्ताच काय झालं?"

"डॉक्टर म्हणाले, हिरड्या..."

"डॉक्टर म्हणणारच." त्याने वर्तमानपत्राची घडी घातली. "तुमच्या ऑफिसात नवीन कोणी आलंय का?"

"साहेब नवीन आलेत."

"वय काय असेल?"

"निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

हे उत्तर त्याने मनातल्या कुठल्यातरी रकान्यात भरून ठेवलेलं मला स्पष्ट दिसलं.

सासूबाई म्हणाल्या, "मला काही म्हणायचं नाही." सासूबाईंना काही म्हणायचं नसलं की मी हातातलं काम बाजूला ठेवून बसते, कारण नंतर बराच वेळ लागतो. त्यांचं म्हणणं असं, की त्यांचे दात साठाव्या वर्षी गेले आणि कवळी आली ती सरळच आली. मी चौदा वर्षं धीर धरला असता तर मलाही सरळच दात मिळाले असते, तेही इतका खटाटोप न करता.  

गुरुवारी तारा बसल्या. डॉक्टर तरुण, सभ्य, आणि माझं तोंड पूर्ण उघडं असतानाच प्रश्न विचारण्याची त्याला हौस. "मुलं किती?" असं त्याने विचारलं तेव्हा माझ्या तोंडात दोन हात, एक नळी आणि एक चिमटा होता. मी दोन बोटं दाखवली. तो म्हणाला, "दोन मिनिटंच, झालंच." बाहेर आले तेव्हा तोंडात कोणीतरी गच्चीवरचा अँटेना बसवल्यासारखं वाटत होतं. पण मनातून मी खूश होते. आरशात बघून मी थोडी हसले. एका दातावर दिवा चमकला.

ही खुशी शनिवारपर्यंत टिकली.

शनिवारी ओठ आतून खाजायला लागले. ओठ आतून खाजवायची सोय माणसाला दिलेली नाही, हे त्या दिवशी मला कळलं. जिभेने घासलं की तार बोचायची. रविवारी तोंडाच्या कोपऱ्यांना चिरा पडल्या. सोमवारी हनुवटीवर लाल पुरळ आलं आणि मंगळवारी सकाळी उठले तर दोन्ही ओठ माझ्याआधी जागे होऊन बाहेर येऊन बसले होते. वरचा ओठ इतका फुगला होता की चहा पिताना कप नेमका कुठे टेकवायचा याचा अंदाज येईना.

लिफ्टमध्ये हेडबाई भेटल्या. या आमच्या वरच्या मजल्यावर राहतात, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत, आणि इमारतीतल्या प्रत्येकाचं प्रगतिपुस्तक त्या अजून भरतात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लिफ्टचं दार लागेपर्यंत थांबल्या. मग कानाशी येऊन म्हणाल्या, "छान झालंय. कुठे केलंत?"

"काय?"

"ओठ. हल्ली सुई टोचून भरून देतात ना."

"हे भरलेले नाहीत," मी म्हणाले. निदान म्हणायचा प्रयत्न केला. त्या ओठांतून जे बाहेर पडलं ते "हे भवलेले नाहीत" असं होतं.

"मी कोणाला सांगणार नाही," हेडबाई म्हणाल्या. "पत्ता तेवढा द्या. माझ्या भाचीसाठी हवाय."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला माहीत झालं. जिन्यात भेटणारी प्रत्येक बाई आधी माझ्या ओठांशी बोलायची आणि मग माझ्याशी. नवऱ्याला हे पार्किंगमध्ये कळलं. तो वर आला, बूट काढले, आणि ज्या आवाजात तो मोडलेल्या हातांची चौकशी करतो त्याच आवाजात म्हणाला, "आधी दात. आता ओठ. यानंतर काय आहे ते मला एकदाच सांगून ठेव."

"हे सुजलेत रे. दुखतंय मला."

"सूज दोन्ही बाजूंना सारखी कशी येते?"

हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, म्हणूनच मला जास्त राग आला.

ऑफिसात तर वेगळाच घोळ झाला. आमच्याकडे हजेरीसाठी चेहरा ओळखणारं यंत्र आहे. बुधवारी मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि ते म्हणालं, "ओळख पटली नाही." मी चष्मा काढला. ओळख पटली नाही. मागे रांग वाढत गेली. मी हसून पाहिलं, तर यंत्राने लाल दिवा लावला.

शेजारच्या टेबलावर माझी मैत्रीण बसते. ती आवक-जावक नोंदवही सांभाळते आणि बातम्यांच्या बाबतीतही तेच करते, म्हणून आम्ही तिला आवक-जावक म्हणतो. ती म्हणाली, "चेहरा बदलल्याचा अर्ज द्यावा लागेल." असा अर्ज खरंच होता. त्यात बदलाचं कारण विचारलं होतं, आणि पर्याय तीन होते: अपघात, शस्त्रक्रिया, दाढी. मी हाताने चौथा चौकोन काढून पुढे "सूज" लिहिलं आणि साहेबांकडे नेलं.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. मग विचारलं, "बदल तात्पुरता आहे की कायमचा?"

"तात्पुरता असावा, साहेब."

"असावा असं लिहिता येत नाही. तात्पुरता असेल तर मूळ चेहरा परत येण्याची तारीख टाका. कायमचा असेल तर ओळखपत्र नवीन काढावं लागेल. आणि हा चेहरा तुमचाच आहे याबद्दल डॉक्टरचा दाखला जोडा."

"दातांच्या डॉक्टरचा चालेल?"

साहेब विचारात पडले. "ते दातांपुरता देतील," ते म्हणाले. "बाकीच्या चेहऱ्याचं काय?"

तोपर्यंत मी रोज हजर असून गैरहजर धरली जाणार होते. वीस वर्षं मी लोकांना "अर्ज अपुरा आहे" असं सांगत आले. खिडकीच्या बाहेरच्या बाजूने ते वाक्य कसं ऐकू येतं, ते त्या दिवशी कळलं. माझ्या खिडकीवर त्या दिवशी आलेल्या चार जणांचे अपुरे अर्ज मी तसेच घेतले. आवक-जावकने याचीही नोंद केली असणार.

दातांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने तोंडात दिवा मारून पाहिलं आणि संशयाने विचारलं, "तुम्ही बाहेरून काही लावलंत का?"

"नाही."

"वेगळं काही खाल्लंत?"

"घास गिळता येत नाहीये हो मला."

"अकरा वर्षांत आमच्याकडे असं कधी झालेलं नाही. मटेरियल उत्तम दर्जाचं आहे. आणि तुम्ही लिहून दिलंय." त्याने फाइल उघडून माझीच सही माझ्यापुढे धरली. पान तीन, मुद्दा चौदा: मला कोणत्याही धातूची ॲलर्जी नाही असे मी जाहीर करते. सही माझीच, वळणदार, खाली दोन ठिपक्यांसकट. मी ती न वाचता केली होती. धातूची ॲलर्जी असते हेच मला माहीत नव्हतं, तर ती नाही हे मी कशाच्या आधारावर जाहीर केलं, कोण जाणे.

डॉक्टर म्हणाला, आणखी आठ दिवस पाहू, शरीर जुळवून घेतं. मी घरी आले ती पक्का संशय घेऊनच. एकतर याने जुन्या तारा वापरल्या असणार, नाहीतर घरातच कोणीतरी काहीतरी करत असणार. त्या काळात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे मी मान्य करते. मी तक्रार खिडकीवरची एक कोरी वही घरी आणली आणि संशयितांची नोंद सुरू केली. एक, नवीन टूथपेस्ट. दोन, लिपस्टिक. तीन, सासूबाईंचं सूप. सुपाचा नंबर तिसरा लागला कारण तारा बसल्या त्या दिवसापासून सासूबाई माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात सूप करत होत्या आणि मी पीत असताना माझ्याकडे टक लावून बघत होत्या. त्या बावीस वर्षांत इतक्या गोड कधी वागल्या नव्हत्या. मी दोन दिवस सूप बंद केलं. फरक पडला नाही. त्यांना मात्र पडला, त्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं.

शेवटी मी त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. या वयस्क बाई होत्या, केस पांढरे, बोलणं कमी. त्यांनी ओठ पाहिले, मनगट पाहिलं, आणि विचारलं, "घड्याळाच्या पट्ट्याखाली खाज येते?"

"येते. म्हणून मी कापडी पट्टा लावते."

"जीन्सच्या बटणाखाली?"

मी मान हलवली. हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"कानातल्यांनी?"

"खोटे मी घालतच नाही. खऱ्यांनी येते."

त्यांनी मान वर केली. "खऱ्यांनी म्हणजे?"

मग मला सांगावं लागलं. लग्नात सासूबाईंनी त्यांच्या आईचे सोन्याचे कानातले माझ्या हातात ठेवले होते. मी ते मोठ्या आनंदाने घातले आणि तिसऱ्या दिवशी माझे कान पिकले. पाणी यायला लागलं, उशी खराब झाली. मी ते काढून डबीत ठेवले, आणि पुढे मंगळसूत्रही नुसत्या काळ्या मण्यांचंच घातलं. तेव्हापासून आमच्या सगळ्या नातेवाइकांत मी "सोनं सोसत नाही ती" म्हणून ओळखली जाते. कोणाच्याही लग्नात माझे मोकळे कान पाहून कोणीतरी शेजारणीला सांगतंच, हिला सोनं सोसत नाही हो. ऐकणारी बाई हळहळते, पण त्या हळहळीत असाही अर्थ असतो, की सोनंसुद्धा माणूस बघून वागतं.

"सोन्याने सहसा असं होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चाचणी करून बघू."

चाचणी म्हणजे पाठीवर चिकटपट्ट्या. प्रत्येक पट्टीवर छोटे चौकोन, प्रत्येक चौकोनात एक पदार्थ, आणि शेजारी शाईने आकडे. दोन दिवस पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही, खाजवायचं नाही. घरी नवऱ्याने पाठ पाहिली आणि खुर्चीवरच बसला. "हे काय आहे?" तो म्हणाला. "तुझ्यावर नंबर कोणी टाकले?" मी समजावून सांगितलं. पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा पडला. इतक्या पट्ट्या लावून खोटं कोणी बोलत नाही, असं त्याचं व्यावसायिक मत झालं असावं. रात्रीचं जेवण त्याने गरम करून आणलं आणि पंखा माझ्याकडे फिरवला.

सासूबाई दारात उभ्या होत्या. "कशाकशाची तपासणी आहे?" त्यांनी विचारलं.

"सगळ्या धातूंची, आई."

"सोन्याची पण?"

"हो."

त्या आत गेल्या. मला वाटलं, सुपाचा राग अजून उतरलेला नाही.

दोन दिवसांनी पट्ट्या निघाल्या, आणखी दोन दिवसांनी डॉक्टरांनी भिंगातून पाठ वाचली. पाचव्या चौकोनाच्या जागी लाल, फोडांनी भरलेला ठिपका उठला होता. "निकेल," त्या म्हणाल्या. "तुमच्या तारेत ते भरपूर असतं. काढून टाका." मग खाली बोट नेऊन म्हणाल्या, "आणि हा सोन्याचा चौकोन. कोरा आहे. सोन्याचा तुम्हाला काही त्रास नाही."

मी विचारलं, "मग ते कानातले?"

त्यांनी खणातून एक छोटी बाटली काढून दिली. "दोन थेंब कापसाच्या काडीवर घ्या आणि वस्तूवर घासा. काडी गुलाबी झाली तर निकेल आहे. घरातलं काय काय टाळायचं ते तुमचं तुम्हाला कळेल."

दातांच्या डॉक्टरने अहवाल वाचला आणि माझ्याशी अगदी माणसासारखा वागला. त्याने माफी मागितली, तारा काढल्या, सूज उतरली की दातांवर चिनी मातीसारख्या पांढऱ्या खुंट्या आणि त्यांत निकेल नसलेल्या तारा बसवीन म्हणाला. मग जरा लाजत माझ्या ओठांचे सहा फोटो काढले, परिषदेत दाखवायला. त्यामुळे माझे ओठ, मी स्वतः कधी गेले नाही इतक्या लांबच्या शहरात जाऊन आले. आठवड्याभरात चेहरा मूळ जागी परत आला. त्याच दिवशी माझा चेहरा बदलल्याचा अर्ज मंजूर झाला, यंत्रात सुजलेला फोटो भरला गेला, आणि यंत्राने पुन्हा सांगितलं की ओळख पटली नाही. साहेब म्हणाले, "मूळ चेहऱ्यासाठी वेगळा अर्ज करा."

शनिवारी नवरा घरी नव्हता. मी ती बाटली घेऊन घरभर फिरले. अशी सत्ता हातात आली की माणूस कोणालाच सोडत नाही. चाव्या गुलाबी. पर्सची चेन गुलाबी. नवऱ्याच्या पट्ट्याचं बक्कल इतकं गुलाबी की मी दोनदा खात्री केली. चमचे सुटले, कात्री अडकली. जीन्सचं बटण तर काडी टेकण्याआधीच कबूल होईल असं वाटलं. मग मी कपाट उघडलं, मागच्या खणातली डबी काढली आणि ते कानातले ओट्यावर ठेवले. पिवळेधमक, बावीस वर्षांत जेमतेम तीन दिवस वापरलेले. पहिल्यावर काडी फिरवली.

गुलाबी.

दुसराही तसाच.

माझ्या डोक्यात क्षणात पाच-सहा जणांची रांग उभी राहिली. सोनाराने फसवलं असेल. नवऱ्याने बदलले असतील. कामाला येणाऱ्या बायकांपैकी कोणी असेल. मी वही घ्यायला वळले तर दारात सासूबाई. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"गुलाबी झालं?" त्या म्हणाल्या.

"हो."

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. "मला वाटत होतं तुला पहिल्या आठवड्यातच कळलं."

"काय कळलं?"

"तुमच्या लग्नाआधी चार दिवस मी ते घालून निमंत्रणं द्यायला गेले होते. घरी आले तर एक कान रिकामा. सगळे रस्ते परत चालले, सापडला नाही. तुझ्या सासऱ्यांचा स्वभाव तुला ठाऊक होता. माझ्या हातून एकदा थर्मास फुटला होता, तर पुढे नऊ वर्षं येईल त्या पाहुण्याला सांगत होते. मग मी खोट्या दागिन्यांच्या दुकानातून तसाच जोड करून आणला. म्हटलं, पुढे कधीतरी बदलून टाकीन." त्या ओट्यावरच्या कानातल्यांकडे बघत होत्या. "तिसऱ्या दिवशी तू ते काढलेस आणि डबीत ठेवलेस. एक शब्द बोलली नाहीस. मी म्हटलं, हिला कळलं. आता ही कधीतरी चारचौघांत काढणार. प्रत्येक कार्याला आधी तुझे कान बघायचे मी."

"मी गप्प होते कारण मला वाटायचं, तुमचं सोनं घालत नाही म्हणून तुम्हाला राग आहे."

"राग कसला. धाक होता तुझा."

एवढ्यावर मी हसले असते आणि गोष्ट तिथेच मिटली असती. पण तेवढ्यात मला माझी आई आठवली. आई गेली तेव्हा तिचे कानातले माझ्या वाट्याला आले होते. छोटे, मधे लाल खडा असलेले. मी ते हातात घेतले, कानाशी धरले, आणि धाकट्या बहिणीला देऊन टाकले. मला सोनं सोसत नव्हतं ना.

"आई," मी म्हणाले, "सोनं सोसत नाही म्हणून माझ्या आईचे कानातले मी बहिणीला दिले. तुम्ही तिथेच बसला होतात."

सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "पहिल्यांदा ते मी नाही म्हटलं. माझी नणंद म्हणाली. मी फक्त... नाही म्हटलं नाही."

"बावीस वर्षं?"

 मी डबी बंद केली, काड्या गोळा करून कचऱ्यात टाकल्या आणि भाजी चिरायला घेतली. मला त्यांच्यावर ओरडता आलं असतं. तक्रार खिडकीवर इतकी वर्षं लोकांचं ओरडणं ऐकलंय, त्यातलं चांगलं चांगलं माझ्याकडे साठलेलं आहे. पण समोरचा माणूस आधीच मान्य करून बसला की त्यातलं काहीच वापरता येत नाही.

दोन दिवस आमच्यात फक्त मीठ, पाणी आणि दाराची कडी इतकंच बोलणं झालं. नवऱ्याला वास लागलाच. सोमवारी जेवताना त्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं आणि वातावरण हलकं करायला म्हणून म्हणाला, "हिचं कठीणच आहे. आधी सोनं सोसेना, आता तारही सोसत नाही."

"सोनं सोसतं तिला," सासूबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "मी दिलं ते सोनं नव्हतं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. निमंत्रणं, रिकामा कान, दुकान, थर्माससकट. माझ्या आईच्या कानातल्यांचंही सांगितलं, मी सांगेन याची वाट न बघता. नवऱ्याचा घास हातातच राहिला. ज्याने परक्यांचे शेकडो खोटे दावे पकडले, त्याच्या स्वतःच्या घरात एक दावा बावीस वर्षं बिनतपासणी चालू होता. मग त्याने विचारलं, "माझ्यापासून अजून काय काय लपवलंय?"

"हिला विचारून सांगते," सासूबाई म्हणाल्या, आणि मला चपाती वाढली.

जेवण झाल्यावर त्यांनी त्यांच्या बहिणीला, माझ्या दोन चुलत जावांना आणि शेवटी त्यांच्या नणंदेला फोन केला. प्रत्येकीला तेच सांगितलं, त्याच शब्दांत, उभं राहून. मी भांडी आवरत ऐकत होते. चौथ्या फोनला त्यांचा आवाज बसला होता. पलीकडून त्यांच्या नणंदबाई काहीतरी बराच वेळ बोलत होत्या. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "हो, माझीच चूक. पण पहिल्यांदा तू म्हणालीस," आणि फोन ठेवला.

पांढऱ्या खुंट्या पुढच्या गुरुवारी बसल्या. मी निघाले तर सासूबाई क्लिनिकच्या बाहेर बाकावर बसलेल्या. त्या आल्या आहेत हे मला माहीतच नव्हतं. म्हणाल्या, "जरा पुढे चल." कोपऱ्यावर एक सोनाराचं दुकान होतं. आत जाऊन त्यांनी ब्लाउजमधून रुमालाची पुरचुंडी काढली, गाठ सोडली. त्यात एकच कानातला होता, राहिलेला. शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डबीत इतकी वर्षं ठेवलेला.

"याच्यासारखा दुसरा करून हवाय," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी."

सोनाराने भिंग डोळ्याला लावलं. सासूबाईंनी त्याचा हात थांबवला, पिशवीतून माझी बाटली काढली आणि कापसाची काडी भिजवली. सोनार खुर्चीत ताठ झाला. "आजी, तीस वर्षांचं दुकान आहे. आमच्यावर संशय घेता?"

"तुमच्यावर नाही," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा घाबरले होते मी. कुठला ठेवला आणि कुठला दिला, हे आता माझं मलाच खात्रीने सांगता येत नाही."

मी कानातला धरला. त्यांनी काडी घासली, मागून, पुढून, फिरकीच्या खोबणीतसुद्धा. मग आम्ही तिघं त्या कापसाकडे बघत उभे राहिलो.

कापूस पांढराच राहिला. सासूबाईंनी चष्मा पुसला, काडी उजेडात नेली, आणि मला म्हणाल्या, "अजून एकदा करूया का?"

"करा," मी म्हणाले, आणि बाटली उघडून दिली.